चंद्रभानचं लुगडं

त्या साली वऱ्हाडात ज्याला त्याला काहीतरी व्हायचं होतं. सातासमुद्रापार अमेरिका नावाच्या मुलखात लढाई पेटली होती, विलायतेतल्या गिरण्या कापसावाचून उपाशी होत्या आणि आपल्या काळ्या मातीतला कापूस अमरावतीच्या बाजारात सोन्याच्या भावानं जात होता. कालपर्यंत कण्या खाणारा आज दलाल व्हायला निघाला होता, दलालाला सावकार व्हायचं होतं आणि सावकाराला आणखी काय व्हायचं होतं ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. भातकुलीजवळच्या एका गावातल्या चंद्रभान माळ्याला मात्र सुईण व्हायचं होतं.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण त्याचं गाव पोट धरधरून हसलं होतं. चंद्रभानच्या दारात दोन तगडे बैल होते, सागवानी बंडी होती. त्या दिवसांत ज्याची बंडी त्याची चांदी. आणि हा बाबा बंडीत कापूस घालायचा सोडून एका म्हातारीला बसवून गावोगाव हिंडायचा.

ती म्हातारी म्हणजे गोदाबाई, त्याच्या थोरल्या चुलत्याची विधवा. तो तिला मोठीमाय म्हणे. पंचक्रोशीतली अर्धी माणसं तिच्याच हातांवर जगात आली होती आणि ती तसं ऐकवायलाही कमी करायची नाही. एखादा नवा दलाल बाजारात फार तोरा मिरवू लागला की ती सगळ्यांदेखत म्हणे, "तुले पायाले धरून म्या उलटा झटकला होता बाप्पा, तवा कुठं रडला तू." दलालाचा तोरा तिथंच उतरायचा.

तिचे गुडघे धरले तेव्हापासून चंद्रभान तिला बंडीतून नेऊ लागला. आत बायकांची धावपळ, बाहेर हा भिंतीला टेकून बसलेला. बाकीचे गडी अशा वेळी चिलीम ओढत कापसाच्या भावाच्या गप्पा हाणतात. चंद्रभानचा कान भिंतीला. कुठल्या कळेला बाईचा आवाज कसा बदलतो, गोदाबाई केव्हा दटावते, केव्हा लाडीगोडी लावते, मूल बाहेर आल्यापासून ते रडेपर्यंतचा तो एवढासा वेळ कसा संपता संपत नाही, हे सगळं त्याच्या कानात मुक्कामाला आलं. ते पहिलं रडणं ऐकलं की त्याच्या अंगावर काटा यायचा, दर वेळी यायचा. जगात याच्याइतकी मोठी गोष्ट दुसरी नाही आणि आपण भिंतीच्या चुकीच्या बाजूला बसलोय, असं त्याला वाटायचं.

एकदा परतीच्या वाटेवर त्यानं बैल थांबवले. मागं वळून म्हणाला, "मोठीमाय, मले शिकव."

"काय शिकवू?"

"तुह्यं काम."

गोदाबाई इतकी हसली की बंडी हलली. पण हसू ओसरल्यावर ती विचारात पडली. तिच्या दोन्ही सुना कापूस वेचायला जात. वेचणीची मजुरी अशी वाढली होती की रक्तापाण्यात हात घालायला कोण येतं? म्हातारीचा गुण म्हातारीबरोबरच मसणात जाणार अशी चिन्हं होती.

"शिकवीन," ती म्हणाली. "पण एक ध्यानात ठेव. ज्या दिवशी एखादी सासू लेकराच्या पाचवीले तुले सुइणीचं लुगडं देईन, त्या दिवशी तू सुईण. तोवर तू माह्या बंडीचा बैलवाला."

मूल पाच दिवसांचं झालं की सुइणीची ओटी भरायची, तिला लुगडं द्यायचं, ही इकडची रीत. आता मिशीवाल्या माणसाला लुगडं कोण देणार? गोदाबाईनं एका हातानं दार उघडलं होतं आणि दुसऱ्या हातानं कडी घातली होती. चंद्रभानला त्यातलं उघडलेलं दारच तेवढं दिसलं.

शिक्षण सुरू झालं ते कोहळ्यापासून. मळ्यात लाल कोहळ्यांना काय तोटा? गोदाबाईनं त्याला अंगणात पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले, पायांवर तेल चोपडलेलं कोहळं ठेवलं आणि म्हणाली, "घाल न्हाऊ." लेकराला न्हाऊ घालायचं ते असंच, आडव्या पायांवर, एका हातानं मान धरून. पहिलं कोहळं निसटून फुटलं, दुसरंही फुटलं. त्या दिवसांत त्याच्या घरी रोज कोहळ्याचीच भाजी होती. रस्त्यानं कापसाच्या बंड्यांची रांग अमरावतीकडं चाललेली असायची आणि एकूण एक गाडीवान मान वळवून या कोहळ्याच्या आईकडं बघायचा.

त्याची बायको शकुन अंजनगाव सुर्जीची, जिभेची तिखट. "लोकायच्या बायका बाजारातून आलेल्या नवऱ्याले ओवाळतात," ती म्हणे. "म्या काय सांगू? माह्या नवऱ्यानं आज दोन कोहळे न्हाऊ घातले?" असं म्हणायची आणि पाणी मात्र तीच तापवून द्यायची, कोपर बुडवून पाहून. तिचं स्वतःचं तिसरं बाळंतपण तर चंद्रभाननंच केलं, गोदाबाई शेजारी बसून होती. पोरगं रडलं तसा चंद्रभानही रडला. शकुन हसत म्हणाली, "घ्या, दोघंही जन्मले." पण घरचं बाळंतपण गोदाबाई हिशेबात धरायला तयार नव्हती. बायकोनं नवऱ्याला लुगडं द्यायचं म्हणजे या खिशातून त्या खिशात.

गोदाबाईचे नियम पुष्कळ होते, पण एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाईला कळा सुरू झाल्या की घरात काही म्हणून बांधलेलं ठेवायचं नाही. वेण्या सोडायच्या, कुलपं काढायची, धान्याच्या पोत्यांची तोंडं उघडायची, गोठ्यातली जनावरं दाव्यातून मोकळी करायची. बाहेर गाठ राहिली तर आत गाठ राहते. ती स्वतः उंबऱ्यावर उभी राहून आत जाणाऱ्या बाईला तपासायची. दंडावर ताईत बांधलेल्या भल्याभल्यांना तिनं परत पाठवलं होतं. खरंच गाठी सुटल्यानं बाळ सुटतं की काय ते देव जाणे, पण ज्या घरातली सगळी माणसं गाठी सोडत धावतात त्या घरात बाईला आपण एकटी नाही एवढं तरी कळतं.

मग कापसाच्या ऐन भरात गोदाबाई पडली. अंगणात सरकी सांडली होती, तिच्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून सुतळीनं हात करकचून बांधला आणि बजावलं की ही गाठ सुटली तर हात जन्माचा वाकडा.

हात गळ्यात अडकवून ती बसलेली असतानाच शेजारच्या गावच्या खुशालराव पाटलाचा गडी धावत आला. पाटलाची सून कौशल्या अडली होती.

कौशल्याचं माहेर अकोल्याचं, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे शेंबड्या पोराला कळतं. तिच्या भावांचे निरोपावर निरोप आले होते. पण खुशालरावाच्या सगळ्या बंड्या, सगळे बैल कापूस वाहण्यात गुंतलेले. "येवढी खेप जाऊ दे, मंग पोचवू," असं म्हणता म्हणता खेपा जात राहिल्या आणि पोरीचे दिवस भरले. नवरा अमरावतीच्या बाजारात, आई अकोल्यात आणि ही सासरच्या माजघरात भेदरून पडलेली.

चंद्रभाननं बंडी पिटाळली ती थेट पाटलाच्या दारात. अंगणात कापसाचे मोठमोठे डोकडे, म्हणजे गठ्ठे, आवळून बांधलेले, बंड्यांवर रचलेले, बैल जुंपायचेच काय ते बाकी. पाटलीणबाई, म्हणजे पार्बताबाई, दारातच उभ्या होत्या. गोदाबाईला पाहून त्यांच्या जिवात जीव आला. मग त्यांची नजर त्या बांधलेल्या हातावर गेली.

गोदाबाई लंगडत माजघराकडं निघाली आणि उंबऱ्याशी तिचा पाय थांबला. हातावरच्या गाठींकडं तिनं पाहिलं. चाळीस वर्षं जो नियम तिनं दुसऱ्यांना लावला तोच आज तिच्या आडवा आला होता. ती दातांनी सुतळी सोडायला लागली.

चंद्रभाननं तिचा हात धरला. "हे काय करून राहिली मोठीमाय? हात जाईन तुहा."

"जाऊ दे. गाठ घेऊन आत जाता येत नाई."

"हात नसन त आत जाऊन तरी काय करशीन?"

गोदाबाईच्या दातांतून सुतळी निसटली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिला रडताना चंद्रभाननं कधी पाहिलं नव्हतं. पुढं काय होणार ते त्याला उमगलं.

"पाटलीनबाई," गोदाबाई म्हणाली, "हा जाईन."

खुशालराव तिथंच होता. तो ताडकन उठला. "गडी मानूस? माह्या सुनेच्या खोलीत?"

"मंग दुसरं कोन हाय ते सांगा," पार्बताबाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती. "गावातल्या साऱ्या बाया तुमच्याच वावरात कापूस वेचून राहिल्या. पोरीले माहेरी धाडा म्हटलं, तवा बंडी नवती. आता हा आला त बंडी घेऊन आला."

आतून कौशल्याचा आवाज आला. चंद्रभानच्या कानानं तो ओळखला. वेळ थोडा होता आणि आवाज घाबरलेला होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण खुशालरावानं पाय धरले नाहीत, तो नुसता दारातून बाजूला झाला. त्याच्यासारख्या माणसाला तेवढंही जड गेलं असणार.

"पायतं काय?" गोदाबाई चंद्रभानवर खेकसली. "हात धू. आन तुमी पाटील, ते डोकडे सोडा."

"डोकडे?"

"घरात बांधलेलं काई ठेवाचं नाई."

"अवो, ते अंगनात हायेत. आज उमरावतीले भाव..."

"अंगन कोनाचं हाय?" पार्बताबाईंनी विचारलं.

आणि मग पंचक्रोशीनं पुढं कित्येक वर्षं चघळलेला देखावा घडला. खुशालराव पाटील स्वतः बंडीवर चढला आणि डोकड्यांच्या दोऱ्या सोडायला लागला. दाबून भरलेला कापूस फसफसून वर आला, बंड्यांवरून ओसंडला, अंगणभर झाला. गड्यांनी जनावरं सोडली होती, ती त्या पांढऱ्या ढिगात तोंडं खुपसू लागली. पाटील कापसात गुडघाभर उभा राहून बैलांना हाकलत होता आणि एकीकडं गाठी सोडत होता.

चंद्रभान आत गेला. परक्या घराच्या भिंतीच्या त्या बाजूला, अखेर एकदाचा. गोदाबाई आपली गाठ घेऊन घराबाहेर, रस्त्याकडच्या भिंतीला टेकून बसली, इतकी वर्षं तो बसायचा त्याच जागी.

आत अंधुक उजेड होता, शेगडी होती, कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. कौशल्या बाजेवर अंग आखडून बसली होती. गुडघे घट्ट मिटलेले आणि दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर धरलेला. कळ यायची, ती दात खायची, पण पदर सोडायची नाही, गुडघे सोडायची नाही. चंद्रभान हळू आवाजात बोलत राहिला, मोठीमाय बोलायची तसंच. काही उपयोग होईना. पालथ्या घड्यावर पाणी.

"काहून अशी करतं व पोरी?" पार्बताबाई रडकुंडीला आल्या. "साऱ्या गाठी सोडल्या. कुठं काई बांधलेलं नाई."

कौशल्या सासूच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. पार्बताबाईंनी चंद्रभानकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ती म्हंते, हे पागोटं दिसलं का मले मामाजी समोर बसल्यासारखे वाटतात. सासऱ्यासमोर पदर खाली जात नाई."

चंद्रभानचा हात डोक्याकडं गेला. घरभराच्या गाठी सोडून झाल्या होत्या आणि सगळ्यात मोठं बांधलेलं बोचकं तो स्वतःच डोक्यावर घेऊन आत आला होता. चाळीस वर्षं गोदाबाईनं बायका तपासल्या, पण बाईच्या डोक्याला पागोटं कुठलं असायला? म्हणून आज कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

परक्या घरी, बायकांसमोर उघडं डोकं करायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मढ्यामागं जातानाच काय ते पागोटं उतरायचं. चंद्रभानला क्षणभर जड गेलं. मग त्यानं पागोटं सोडायला घेतलं. वेढ्यामागून वेढा निघत राहिला आणि आतून त्याचं तुळतुळीत डोकं बाहेर आलं, मधोमध एवढीशी शेंडी, घामानं उभी राहिलेली.

कौशल्यानं पाहिलं. दोन कळांच्या मधे, तेवढ्या त्रासातही, तिला हसू फुटलं. "आत्याबाई," ती म्हणाली, "कोहळं हाय." चंद्रभानच्या कोहळ्यांची कीर्ती इथवर पोचलेली होती तर. पार्बताबाई हसल्या, चंद्रभान हसला आणि हसता हसता पोरीचा पदर खांद्यावर घसरला, गुडघे सैल झाले. पुढची कळ आली ती कामाची आली.

आता चंद्रभानला भान राहिलं नाही. त्यानं पागोट्याचं लांब कापड आढ्यावरून टाकलं, गाठ न मारता दोन्ही टोकं कौशल्याच्या हातात दिली. "वढ पोरी. आता वढ. शाबास. थांब आता, दम घे." हे बोल गोदाबाईचे होते, कानात साठलेले, आता त्याच्या तोंडून सुटत होते. कौशल्या ओढत होती, पार्बताबाई तिला पाठीमागून धरून होत्या, बाहेर पाटील बैलांवर ओरडत होता आणि चंद्रभानच्या हातात ओलं, गरम डोकं आलं.

डोकं आलं आणि थांबलं. त्यानं बोट आत सरकवलं. नाळेचा वेढा मानेभोवती बसला होता.

ही खरी गाठ. मोठीमायला हाक मारावी असं त्याच्या ओठांवर आलं. पण त्याच्या बोटांना हे काम नवं नव्हतं. काकडीच्या वेलीचा ताणा कोवळ्या रोपाला वेढून बसतो, तो ओढायचा नसतो, सैल करून वरून काढायचा असतो. "आता वढू नोको, पोरी. फुंकर मार. चुलीले मारतं तशी." कौशल्या फुंकर मारत राहिली. त्यानं वेढ्याखाली बोट घातलं, जरासा सैल केला आणि बाळाच्या डोक्यावरून अलगद उतरवला. पाठोपाठ खांदा आला, मग सगळंच आलं.

निळसर, गप्प. चंद्रभाननं बाळाचं तोंड पुसलं, पालथं धरून पाठ चोळली. बाहेरचा गलबलाही थांबला होता. भिंतीपलीकडं मोठीमाय श्वास रोखून बसली असणार, हे त्याला न बघता कळलं. आणि मग बाळ रडलं. केवढ्यानं रडलं. चंद्रभानच्या अंगावर नेहमीचा काटा आला, पण या वेळी तो आवाज त्याच्या हातांत होता, थरथरत होता, पाय झाडत होता.

"पोरगी हाय," तो म्हणाला. आढ्यावरचं पागोटं ओढून त्यानं तिला त्यात गुंडाळलं.

सगळं आटपून तो बाहेर आला तेव्हा गोदाबाईनं एवढंच विचारलं, "नाळ होती ना मानेले?"

"होती. तुले कसं समजलं?"

"तू चुप झाला होता," ती म्हणाली आणि बंडीकडं चालू लागली. शाबासकी नाही, काही नाही. चंद्रभाननं कासरा हाती घेतला, ती नेहमीसारखी मागं बसली.

पाचवीला पाटलाकडून बोलावणं आलं. अमरावतीहून मुलगा परतला होता, अकोल्याहून कौशल्याची आई आली होती, घर माणसांनी भरलं होतं. चंद्रभान उघड्या डोक्यानंच गेला. पागोटं बाळाच्या अंगाखाली होतं आणि दुसरं त्यानं बांधलं नव्हतं. खुशालराव आता खूश होता. कापूस पुन्हा भरून विकून झाला होता. त्यानं तबक पुढं केलं. तबकात नवंकोरं जरीकाठी पागोटं होतं, असं की बघणाऱ्यांचे डोळे दिपावेत.

"तुह्यं पागोटं आमच्या नातीनं घेतलं. हे घे. उमरावतीहून आनलं."

लोक कौतुकानं बघत होते. चंद्रभाननं एकदा मोठीमायकडं पाहिलं. ती बायकांत बसली होती, चेहऱ्यावर काही दिसू न देता. एवढ्या मोठ्या माणसाचा मान परत करायचा म्हणजे गावाशी वैर. पण हे पागोटं डोक्यावर चढलं की आपण जन्मभर बैलवालाच, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

"पाटील, लय मोठं मन हाय तुमचं," तो हात जोडून म्हणाला. "पन पागोटं गड्याले देतात. म्या त्या खोलीत गडी म्हनून गेलो नवतो. म्या सुइणीचं काम केलं. देत असान त सुइणीचं द्या."

कुणीतरी फिसकन हसलं. खुशालरावाच्या कपाळाला आठी पडली, तबक हवेतच राहिलं. चंद्रभान जागचा हलला नाही.

पार्बताबाई उठल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हिरवं लुगडं होतं, वर खण, नारळ आणि तांदूळ.

"हे त म्या त्याच दिवशी काढून ठेवलं होतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमीच पागोटं घेऊन आले, मंग म्या काय बोलू?" आणि चंद्रभानकडं वळल्या. "ओटी कशात घेतं?"

चंद्रभाननं उपरण्याचा सोगा पसरला. पाटलीणबाईंनी रीतीप्रमाणे तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला, कपाळाला कुंकू लावलं. कौशल्या दारातून बाळाला घेऊन बघत होती आणि तिनं डोक्यावर पदर घेतलेला नव्हता. आता कुणी हसत नव्हतं. चंद्रभानला मात्र रडू आवरेना आणि त्यानं ते आवरलंही नाही.

अंगणात येऊन त्यानं लुगड्याची घडी मोडली आणि ते अख्खं नऊवारी डोक्याला गुंडाळलं. असलं हिरवंगार, टोपलीएवढं पागोटं वऱ्हाडात कुणी पाहिलं नव्हतं. रस्त्यावर कापसाच्या बंड्या चालल्या होत्या, गाडीवान माना वळवून बघत होते. बघू देत. तो बंडीशी आला, बैल जुंपले आणि सवयीनं पुढं हाकायच्या जागी चढायला गेला.

तिथं गोदाबाई बसली होती. बांधलेला हात गळ्यात, चांगल्या हातात कासरा.

"मोठीमाय, हे काय? सरक ना तिकडं."

"मांगं बस," गोदाबाई म्हणाली. "सुईण बंडी हाकत नसते."